उजवा खांदा दोन सूत चढा

माझी ताई नवे कपडे शिवत नाही. लोकांनी विकत आणलेले, अंगाला न बसणारे कपडे ती बसवून देते. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात जिन्याखाली तिचं मशीन आहे, समोर एक स्टूल, भिंतीला आरसा आणि आडोशाला पडदा. उंच गिऱ्हाईकाला तिथे मान वाकवूनच उभं राहावं लागतं. एवढ्याशा जागेत बसून तिने बावीस वर्षांत अर्ध्या गावाची पोटं लपवली आहेत, असं मी म्हणते आणि ती चिडते.

चिडते, कारण तिचा नियम आहे. शिंप्याने माप घ्यावं, मत देऊ नये. कुणाची कंबर सहा महिन्यांत चार इंच वाढली, कुणाचा एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, कुणाला पाठीला पोक आलंय, हे सगळं ती वहीत लिहिते आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. गिऱ्हाईक आरशात बघतं आणि खूश होऊन जातं. त्याला वाटतं, दोष शर्टात होता आणि तो आता गेला. ताईच्या या तोंडाच्या कुलपाचं मी चारचौघांत कौतुक करायची. आता तो विषय निघाला की मी उठून आत जाते.

माझी मुलगी तेरा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं ठरत नाही म्हणून ताईने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. ताईला मूलबाळ नाही. भिंगरीच्या अंगावरचा प्रत्येक कपडा, शाळेच्या शर्टापासून रात्रीच्या झग्यापर्यंत, मावशीच्या मशीनखालून जाऊनच तिच्या अंगावर चढायचा. मला ते सोयीचं होतं. माझा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना विचारते, खालची ओळ वाचता येते का.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंगरीच्या डोक्यात आलं की आपला टॉप आपणच शिवायचा. इंटरनेटवर तिला एक फुकट पॅटर्न सापडला. सैल, होडीसारखा पसरट गळा, बाही अंगाबरोबरच कापलेली, ना चेन ना बटण. माझ्या दुकानाच्या प्रिंटरवर सोळा पानं छापली, ती जमिनीवर पसरून चिकटपट्टीने जोडली. पानाच्या कोपऱ्यात एक चौकोन छापलेला असतो, तो पट्टीने मोजायचा, नाहीतर सगळं माप चुकतं म्हणे. तो तिने तीनदा मोजला. एक अख्खी संध्याकाळ कागद जोडण्यात गेली. ताई म्हणाली, नमनालाच घडाभर तेल. आणि कागदाला काय कळतंय अंगातलं.

भिंगरीने तेवढ्यावरून अट घातली. मावशीने हात लावायचा नाही. बघायचं, सांगायचं, पण कात्रीला आणि कापडाला शिवायचं नाही.

कापड म्हणजे माझी जुनी चादर, पांढरी, आडव्या निळ्या पट्ट्यांची. मधोमध विरून जाळी झालेली, पण कडेचं कापड अजून घट्ट. ताईने खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. मधलं कापड घेऊ नकोस, पहिल्याच धुण्यात फाटेल. चादरीची शिवलेली कड खाली येऊ दे, म्हणजे टॉपची दुमड आयतीच मिळेल आणि सरळ असेल. कापडाची घडी घालून घडीवर अर्धा कागद ठेव, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या निघतील. भिंगरीने सगळं तसंच केलं. गळ्याला जुन्या उशीच्या अभ्र्याची तिरपी पट्टी लावली. दोन दिवस लागले. पोरीच्या बोटांना टाचण्या टोचून टोचून चाळण झाली, पण तोंडावर असा आनंद होता की मी एकदाही ओरडले नाही.

रविवारी दुपारी तिने टॉप घातला आणि तो वाकडा बसला.

उजवीकडची कड वर उचललेली. निळ्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे चढत गेलेल्या. तिने उजवा खांदा उसवला, पुन्हा शिवला. पुन्हा तसाच. मग डावा उसवला. तिसऱ्यांदा घातला तेव्हाही कड तिरपीच. मी म्हटलं, फुकटचं ते फुकटचं, त्या पॅटर्नमध्येच काहीतरी खोट असणार. भिंगरी रडायला लागली. मावशीने शिवलेलं सगळं बसतं, मग माझंच का नाही, असं म्हणून तिने टॉप काढून ताईच्या मांडीवर टाकला आणि तोंड धुवायला गेली. ताईला हात लावायची परवानगी मिळाली ती अशी.

ताईने टॉप टेबलावर पसरला. मधोमध दुमडला. खांद्यावर खांदा, बाहीवर बाही, कडेवर कड. केसाएवढाही फरक नव्हता. तिने तो उलटा करून पुन्हा दुमडला. मग मला म्हणाली, तू घाल. भिंगरीने तो ऐसपैस मापाचा कापला होता आणि मी काटकुळी, त्यामुळे मला तो सहज झाला. आरशात पट्ट्या पाण्यासारख्या सरळ. मी म्हणाले, बघ, आता बसला, उगाच रडवलं पोरीला. भिंगरी आल्यावर ताईने तिला तो पुन्हा घालायला लावला. उजवी कड बोटभर वर. आणि या वेळी ताई कडेकडे बघतच नव्हती. ती भिंगरीच्या खांद्यांकडे बघत होती.

मी दुकानात जाऊन येते, असं म्हणून ती चपला घालून निघाली. रविवारी दुकान बंद असतं.

अर्ध्या तासाने ती मापाची वही घेऊन आली. भिंगरी शेजारी खेळायला गेली होती. ताईने पानं उलटून एकेक ओळ बोटाने दाखवली. दोन वर्षांपूर्वी, तिच्याच अक्षरात, भिंगरी, शाळेचा शर्ट, उजवा खांदा दोन सूत चढा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शेजारी बसूनसुद्धा डोळ्यांना दिसणार नाही एवढा फरक. सहा महिन्यांनी तीन सूत. मग चार. या वर्षीच्या शर्टापुढे पाच. दर वेळी तिने तेवढं कापड उजवीकडे जास्त ठेवलं होतं आणि दर वेळी शर्ट छान बसला होता.

"तुला दिसत होतं?" मी विचारलं.

"दिसत नव्हतं गं. हाताला कळत होतं. हात तेवढं कापून मोकळे व्हायचे."

मी त्यावर जे बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, स्वतःचं मूल असतं तर दिसलं असतं. ताईने वही मिटली. तिने मला उलट विचारायला हवं होतं की तू तर आई ना, तू कधी बघितलीस तिची पाठ. भिंगरी दोन वर्षं आतून कडी लावून कपडे बदलत होती आणि मी लोकांना खालची ओळ वाचायला लावत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण ताईने विचारलं नाही. आणि मी माझा शब्द परत घेतला नाही.

हाडांच्या डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची मिळाली. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. पोरगी पुढे चालली की मी मागून तिचे खांदे मोजायची. पाण्याचा तांब्या उचलताना, केस विंचरताना, झोपेत कुशीवर वळताना. मला सगळीकडे वाकडंच दिसायला लागलं, दारंखिडक्यासुद्धा. भिंगरीला आम्ही एवढंच सांगितलं होतं की पाठ दाखवून यायची आहे. ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. एकदा मी खोलीत गेले तर ती आरशासमोर डावा खांदा वर उचलून उभी होती, दोन्ही सारखे करून बघत.

डॉक्टरीणबाईंनी तिला पुढे वाकायला सांगितलं. पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच वर आली. मला ती इतकी स्पष्ट दिसली की मी खुर्चीचा दांडा धरला. एक्स-रे काढला. मणक्याला बाक आहे, अठ्ठावीस अंशांचा, त्या म्हणाल्या. कधीपासून आहे आणि वर्षभरात उंची किती वाढली, हे त्यांना हवं होतं. मला दोन्ही सांगता येईना. दाराशी उभ्या असलेल्या ताईने पिशवीतून वही काढली. शर्टाची लांबी, बाहीची लांबी, तारखांसकट सगळं होतं. बाईंनी ते कागदावर उतरवून घेतलं. म्हणाल्या, मुलगी अजून वाढते आहे, त्यामुळे पट्टा लावून बाक थोपवता येईल. दिवसातले वीस तास, वाढ थांबेपर्यंत, दोन वर्षं तरी. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे. बाक वाढतच राहिला तर मात्र ऑपरेशनचा विचार करावा लागेल.

मी विचारलं, वर्षभर आधी आलो असतो तर?

"तेव्हा कदाचित कमी असता," त्या म्हणाल्या. "पण यात कुणाची चूक नसते."

दुसरं वाक्य त्यांनी ताईकडे बघून म्हटलं. ताईने पहिलंच ऐकलं होतं.

पट्टा म्हणजे कडक प्लास्टिकचं चिलखत, बगलेपासून कमरेच्या खालपर्यंत. तो ऐन उकाड्यात. आतला कपडा जरा चुरगळला तरी कातडी लाल व्हायची. ताईने घरातले सगळे जुने टी-शर्ट गोळा करून त्यांच्या आत घालायच्या बंड्या शिवल्या, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे ती आत रुतणार नाही. आणि वरून घालायला तोच फुकटचा पॅटर्न, दोन्हीकडे दोन बोटं वाढवून. सैल असल्याने पट्ट्यावरून सहज जायचा. दोन चादरी, एक पडदा आणि ट्रकवाल्याच्या तीन लुंग्या त्यात खपल्या. नवरा म्हणाला, आता मला घरात वावरायची सोय राहिली नाही. भिंगरी हसली. त्या महिन्यात ती हसली असं तेवढंच आठवतं.

एक गोष्ट मात्र ताईने सोडली. तिने खांदा बसवणं बंद केलं. भिंगरीचे सगळे कपडे ती घडीवर कापायची, दोन्ही बाजू सारख्या, आणि ते जसे बसायचे तसे बसू द्यायची. दर महिन्याला पोरीला भिंतीशी उभी करून जमिनीपासून दोन्ही खांद्यांपर्यंत मोजायची आणि आकडा वहीत लिहायची. सहा सूत, पुढच्या महिन्यात पुन्हा सहा. टेपवर विसंबू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण सहा महिने नुसतं वाट बघत बसणं कुणाला जमतं? मी तो आकडा दुसऱ्या खोलीत बसून ऐकायची. समोर जायची माझी छाती होत नव्हती.

दुसऱ्या एक्स-रेच्या आठ दिवस आधी शाळेत वर्गाचा फोटो निघायचा होता. पट्टा चार तास काढायची मुभा असते, त्यातला तास भिंगरीने फोटोसाठी राखून ठेवला होता. ती शाळेचा शर्ट घेऊन ताईपुढे उभी राहिली.

"मावशी, हा सरळ बसवून दे ना. एकदाच. हा फोटो सगळ्यांच्या घरी जाणार."

ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातांना ते अर्ध्या तासाचं काम. पण त्या हातांवरचा तिचा विश्वास उडाला होता, आणि तो उडवण्यात माझ्या जिभेचा वाटा होता. मला हो म्हणता येईना आणि नाहीही. पोरीला एक दिवस सरळ दिसावंसं वाटलं तर त्यात वाईट काय होतं?

"देते," ताई म्हणाली. "पण आधी माप. आणि आज ते तुझी आई घेईल."

तिने टेप माझ्या हातात दिली आणि स्वतः जमिनीवर बसून टेपचं टोक भिंगरीच्या टाचेशी दाबून धरलं. भिंगरीने बंडी काढली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दवाखान्यानंतर तिची उघडी पाठ मी पहिल्यांदा बघत होते. पट्ट्याचे लाल वळ, मधून जाणारी ती वळणदार रेघ, आणि उजवीकडे पुढे आलेलं पाठीचं हाड. मी नजर वळवली नाही. आधी डावा खांदा मोजला, मग उजवा. टेप हलू नये म्हणून ती भिंतीला टेकवून धरली.

"वाढलं का?" भिंगरीने भिंतीकडे बघतच विचारलं.

मी वजाबाकी तोंडातल्या तोंडात दोनदा केली.

"सहा," मी म्हणाले.

ताईने टेपचं टोक सोडलं नाही. "पुन्हा एकदा वाच," ती खालून म्हणाली, आणि तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

मी पुन्हा डावीकडून सुरुवात केली. सहाच होतं.