मोटरीचा फोन

दादा, म्हणजे माझे वडील, शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्याबरोबर आठ दिवस हॉलंडला गेले, तेव्हा त्यांच्या रोमिंगची जबाबदारी माझ्यावर होती. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मोबाईलमधलं आणि इंग्रजीतलं सगळं मला येतं, असं घरच्यांनी धरून चाललेलं. फारसं येत नव्हतं, पण तसं सांगायची लाज वाटली. दादांचा फोन बटणांचा, नंबर महिन्याच्या बिलावरचा. नारायणगावच्या दुकानात बसून मी त्यावर रोमिंगचा पॅक घेतला. मिनिटं मोजकीच होती, पण रोज थोडंसं बोललं तर पुरतील असं मी घरी समजावून सांगितलं.

एक काम तेवढं राहिलं. नदीवरच्या आमच्या मोटरीच्या पेटीत सिमकार्ड आहे. शेताची वीज आली की ती पेटी दादांना फोन करते आणि आधीच भरून ठेवलेला एका बाईचा आवाज सांगतो, वीज आलेली आहे, मोटर चालू करण्यासाठी एक दाबा. दादा जाण्याआधी पेटीत माझा नंबर टाकायचा होता. त्यांनी दोनदा आठवण करून दिली. वर्गात फोन वाजत राहील या धास्तीने मी उद्या करू म्हणत राहिले, आणि दादा विमानात बसले. तरीही टोमॅटोला पाणी येत होतं. चुलत्यांनी पेटी आपोआप चालूवर टाकली असेल, असं मी समजले. चुलते समजले की मी नंबर बदलला.

पाचव्या दिवशी आईच्या पोटात कळ उठली. आमच्या बोरी गावाहून नारायणगावला जीपने जाताना ती ओढणीने तोंड दाबून बसली होती. ओढणी माझी होती. डॉक्टरांनी सांगितलं, अपेंडिक्स आहे, आजच काढावं लागेल, दुपारपर्यंत ठरवा. चुलते पैशाचं बघायला गेले. आई संमतीच्या कागदाला हात लावेना.

"त्यांना इचारल्याबिगर मी सही करायची न्हाई."

मी जिन्यात जाऊन फोन लावला. सेवा उपलब्ध नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग कंपनीच्या मदतकेंद्राला लावला. तिथली ताई शांतपणे बोलत होती. पॅकची मिनिटं संपली आहेत, त्यापुढच्या जादा खर्चाची मर्यादाही संपली आहे. ग्राहकाला अचानक मोठं बिल येऊ नये म्हणून मर्यादा संपली की सेवा थांबते, तसा नियमच आहे. निम्मी मिनिटं संपली तेव्हा आणि शेवटी, दोन्ही वेळा त्यांच्या नंबरवर इंग्रजीत मेसेज गेला होता. मी म्हटलं, बिल येऊ द्या, मी भरीन, सेवा चालू करा. ती म्हणाली, करता येईल, त्यासाठी ओटीपी लागेल. तो कुठे येईल, विचारलं.

"मॅडम, त्याच नंबरवर."

म्हणजे ओटीपी दादांच्या खिशात वाजणार, आणि तो मला सांगायला दादांना फोन लावता येणार नाही. तिने आणखी काही मदत हवी का, असं विचारलं. मग मी दौऱ्याबरोबर गेलेल्या अधिकारी साहेबांना व्हॉट्सअॅपवर निरोप टाकला. त्यावर एकच राखाडी खूण दिसत राहिली.

नर्स दुसऱ्यांदा विचारून गेली. मी आईजवळ गेले आणि सांगितलं की दादांशी बोलणं झालं, ते हो म्हणाले, लगेच करून घ्या म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं. "मोटरीचं काय इचारलं त्यांनी?"

"काही नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि पेनासाठी हात पुढे केला. तिची सही मला शाळेपासून पाठ आहे. त्या दिवशी ती ओळीच्या खाली गेली.

ऑपरेशन नीट झालं. साहेबांनी निरोप संध्याकाळी वाचला.

दादा परत आले ते विमानतळावरून थेट दवाखान्यात. मिनिटं कशी संपली ते तेव्हा कळलं. परदेशात आलेला फोन उचलला तरी मिनिटं जातात, आणि मोटरीचा प्रत्येक फोन त्यांनी उचलला होता. वीज दिवसातून जितक्यांदा जाते-येते, तितक्यांदा. तिथे हॉलंडमधल्या काचेच्या शेडमध्ये उभं राहून ते एक दाबायचे आणि इथे टोमॅटोला पाणी सुटायचं. कधी कधी एक दाबायच्या आधी त्या बाईला दोनदा बोलू द्यायचे.

"तिथं मराठी कोन बोलतंय? तेवढंच कानाला बरं वाटायचं," म्हणाले.

त्यांच्या बसचा ड्रायव्हर शेजारच्या देशातला होता. तो दिवसभर फोनवर घरी बोलायचा. साहेबांनी त्याला विचारलं, तर तिकडच्या सगळ्या देशांनी मिळून नियम केलाय, परदेशातही घरचाच दर लागतो, असं तो म्हणाला. दादांनी मला विचारलं, "आपला न्हाई का गं तसा कुनाशी ठराव?" मला माहीत नव्हतं. पेटीतला नंबर मी बदलला नाही, हेही तेव्हा सांगायला हवं होतं.

मग दादा आईकडे वळले. "मला न इचारता गेलीस आत?"

आईने उशीवरून मान वळवली. "पोरीनं इचारलं की तुमाला. तुमी हो म्हनला."

दादांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाटेखालची पिशवी आवरायला वाकले. "म्हनलो असंल," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. वीज आली होती. त्यांनी तो माझ्या हातात दिला, आणि मी एक दाबलं.