अकरा किलो कुट्टी आणि पाठककाकांचा ट्रान्समीटर

एप्रिलमधला दुसरा शुक्रवार, सकाळी साडेदहा. ठरलेली रक्कम चार हजार पाचशे रुपये. हजर तिघं: विकणारे पाठककाका, घेणारे गायकवाड सर आणि मधला मी. जागा, नांदेडमधलं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. लातूर जिल्हा वेगळा झाला त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. आदल्या साली पावसानं दगा दिला होता आणि दुकानात येणारा प्रत्येक माणूस रेडिओआधी पाण्याचं बोलत होता.

माल दोन नग. एक ट्रान्समीटर, वजन चौसष्ट किलो. एक रिसीव्हर, वजन एकतीस किलो. ट्रान्समीटर हवेत संदेश सोडतो, रिसीव्हर आलेले पकडतो. सरकारचा परवाना काढून निव्वळ हौसेखातर असं लांबलांबच्या लोकांशी बोलणाऱ्यांना हॅम म्हणतात. पाठककाका हे जुने हॅम. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. रिसीव्हर त्यांनी तरुणपणी सिकंदराबादला लष्कराच्या मोडीत घेतला होता. ट्रान्समीटर त्यांनी स्वतः बांधला होता, एकेक वॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारखी काचेची नळी, जमवून.

विकायचं कारण कान. दोन वर्षांत ऐकू येणं जवळपास संपलं होतं. ओठ बघून ते बोलणं समजून घेत. पण मोर्सला, म्हणजे त्या टिंब-रेघांच्या भाषेला, ओठ नसतात. सेट दोन वर्षं चादरीखाली होता. मधे एक भंगारवाला घरी येऊन किलोवर भाव सांगून गेला. काका त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकूंनी मला सांगितलं.

गायकवाड सर लातूरच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत होते. मूळचे रेणापूरकडचे. त्यांचा परवाना नुकताच हातात पडला होता. रिसीव्हर त्यांनी एक लहानसा घरी बनवला होता, ट्रान्समीटर नव्हता. त्यांना एकच ध्यास. नव्या जिल्ह्यातून आपला आवाज हवेत जावा, आणि तो येत्या रविवारी जावा. दर रविवारी सकाळी आठला जुने हॅम ठरलेल्या जागी हवेत जमत. पारावर बसल्यासारखी बैठक. तिथं हजेरी लावायची.

काकांनी अट घातली. "लातुरातून पाठवायचं आणि बाहेरून उत्तर आलं पाहिजे. आलं तर पैसे. नाही आलं तर समजायचं सेट मेला. मग तो त्या भंगारवाल्याला."

सरांनी हो म्हटलं. माझं कमिशन शेकडा पाच. पोचवायची जबाबदारी माझी.

आता जड सेट कसा पाठवतात ते सांगतो. लोकांना वाटतं, वरून पडला की मोडतो. पडायची गरज नसते. तो स्वतःच्या वजनानं मोडतो. ह्या ट्रान्समीटरमध्ये नुसता ट्रान्सफॉर्मर बावीस किलोचा होता. गाडीनं ब्रेक मारला की गाडी थांबते, ट्रान्सफॉर्मर थांबत नाही. तो पत्र्याचे स्क्रू उपटून पुढं जातो आणि वाटेतली काच फोडतो. म्हणून पहिलं काम, तो सोडवायचा, वेगळ्या फळीवर बोल्टनं आवळायचा. दुसरं, सगळे वॉल्व्ह काढायचे, नंबर घालायचे, कापडात गुंडाळायचे. शेवटचा मोठा वॉल्व्ह पितळी तांब्याएवढा होता आणि दुसरा मिळणं अवघड. तो खोक्यात घालायचाच नाही, माणसाच्या मांडीवर न्यायचा. काका म्हणाले, मांडी माझी. आणि ते टेम्पोत बसायला तयार झाले.

तिसरं काम, खोक्यात खोका. दोन खोक्यांच्या मधे चार बोटं मऊ भरताड. आमच्याकडं ते ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, बारीक तोडलेला चारा. त्या वर्षी कडबा डोळ्यांत घालायला मिळत नव्हता. मी लाकडाचा भुसा वापरायचं म्हणत होतो. पण गायकवाड सरांनीच हळूच सांगितलं, "कांबळे, कुट्टीच भरा. पैसे मी देतो. घरी आईची एक गाय हाय. सेट काढला की कुट्टी तिला होईल."

मला ते पटलं. काही वाया जात नाही. मी कुट्टी तोलून घेतली, अकरा किलो, आणि माझ्या सवयीप्रमाणं चलनावर ओळ लिहिली. नग एक, ट्रान्समीटर. नग दोन, रिसीव्हर. नग तीन, ट्रान्सफॉर्मर. खाली, ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, अकरा किलो.

ती चौथी ओळ लिहिली नसती तर ही हकिकत झालीच नसती.

शनिवारी दुपारी निघालो. टेम्पो बाबूचा. बाबू लोह्याचा, बोलका, गाडी बरी चालवणारा. मधे काका, मांडीवर वॉल्व्ह, वर उपरणं. काका खुशीत होते. लोह्यापर्यंत त्यांनी मला सेटमधल्या प्रत्येक कंडेन्सरची जन्मकथा सांगितली.

कंधार तालुका संपतो, पुढं अहमदपूरकडं लातूर जिल्हा लागतो, तिथं नवा कोरा नाका होता. बांबू आडवा. एक पोलीस, एक महसूलचे भाऊसाहेब, खुर्चीमागं लिंबाचं झाड आणि झाडाखाली एक गाय, बरगड्या मोजता याव्यात अशी. मला काळजी ट्रान्समीटरची. वायरलेस म्हटलं की पोलीस सावध होतात. म्हणून दोघांचे परवाने, विक्रीचा कागद, सगळं मी वेगळ्या पाकिटात तयार ठेवलं होतं. भाऊसाहेबांनी ते पाकीट उघडलंसुद्धा नाही. त्यांनी चलन वाचलं आणि बोट चौथ्या ओळीवर ठेवलं.

"कडबा घेऊन चाललात?"

मी म्हटलं, कडबा नाही, पॅकिंग आहे.

"लिहिलंय तर कुट्टी. जिल्ह्याबाहेर चारा न्यायला बंदी हाय. साहेबांचा हुकूम." खरंच तसा कागद मागं लिंबाला ठोकलेला होता. मग त्यांनी मला सरळ विचारलं, "पोचल्यावर ही कुट्टी जनावराला घालणार का न्हाई?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "हो. गायकवाड सरांच्या गायीला."

बाबूनं कपाळावर हात मारला. "कांबळेभाऊ, तुमाला कोर्टात उभं केलंय का? न्हाई म्हणायला काय पैसे पडतात?"

पण प्रश्न विचारला होता आणि उत्तर माहीत होतं. भाऊसाहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, तुमचं मशीन न्या, मला त्याचं काही नाही, चारा इथं उतरवा. खोके उघडले. पंचनामा झाला. पंच म्हणून बाबूची आणि काकांची सही. शेजारच्या टपरीवरचा तराजू आणून तोललं तर कुट्टी साडेदहा किलो भरली. चलनावर अकरा. अर्ध्या किलोची तूट आली, तिचं कारण लिहावं लागणार. कारण लिंबाखाली उभं राहून चघळत होतं. भाऊसाहेबांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं, "उतरवताना सांडलवंड."

चार वाजत आले होते. पुढं साठ-सत्तर किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता खडीचा. बाबू म्हणाला, हळू नेतो. मी म्हटलं, नाही. मधलं भरताड नसलं की खोका म्हणजे डबा आणि सेट म्हणजे त्यातला खडा. काकांना ऐकू येत नव्हतं, पण ते रिकाम्या खोक्याकडं बघत होते. वॉल्व्ह त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"कांबळे," ते म्हणाले, "हा इथूनच भंगारात जाणार की काय?"

मी आजूबाजूला बघितलं. गवत नाही, पाला नाही, चिंध्या नाहीत. बांबूच्या पलीकडं पंक्चरचं दुकान होतं. रहीमचाचा टायरवर बसून आमचा तमाशा बघत होते. त्यांच्या मागं खिळ्याला जुन्या ट्यूबांचा ढीग टांगलेला. मी बघतोय हे त्यांनी ओळखलं.

"हवा पे बिठाव ना साब," ते म्हणाले. "हवा पे कुछ बंदी नै."

मी आयुष्यात इतक्या वेगानं उठलो नसेन. सायकलच्या सहा, स्कूटरच्या तीन, अशा नऊ ट्यूबा निवडल्या. ठिगळावर ठिगळ, पण हवा धरत होत्या. आता प्रश्न हवा किती. गच्च भरली तर ट्यूब दगडासारखी होते, आणि उन्हानं हवा फुगते ते वेगळंच. कमी भरली तर सेट तळाला टेकतो. पहिल्या ट्यूबेत पंपाचे वीस हात मारले, खोका वर ठेवून दाबला, कडक लागला. सोळा, तरी कडक. बारावर खोका दाबला की दोन बोटं खाली जाई आणि सोडला की परत वर येई. बाराच. सायकलच्या सहा ट्यूबांना प्रत्येकी बारा हात. स्कूटरच्या ट्यूबांना अठरा. चाचा पंप मारत होते आणि मी मोजत होतो. पोलीसही खुर्ची सोडून खोका धरायला आला. शेवटी भाऊसाहेबांनी स्वतः खोक्यावर हात दाबून बघितला आणि म्हणाले, "आमच्या यष्टीला असं कुणी बसवंना."

चाचा म्हणाले, पैसे येताना द्या. ट्यूब तीन रुपयाला एक.

चाकूरच्या अलीकडं मागं धाडकन आवाज झाला. बाबूनं गाडी थांबवली. काकांना आवाज कळला नाही, आमची तोंडं कळली. मी मागं जाऊन खोका उघडला. एक सायकलची ट्यूब ठिगळावर फाटली होती. सेट आठांवर बसलेला होता, जागचा हलला नव्हता.

दिवस मावळता लातुरात सरांच्या घरी पोचलो. रविवारी सहाला उठून जुळणी सुरू केली. ट्रान्सफॉर्मर बसवला, वॉल्व्ह नंबराप्रमाणं लावले. मोठा वॉल्व्ह काकांनी स्वतःच्या हातानं बसवला. व्होल्टेज मोजलं, दोनशे चाळीस. इतकं चांगलं व्होल्टेज मी गावाकडं कधी बघितलं नव्हतं. मग लक्षात आलं. विहिरी आटलेल्या, शेतातल्या मोटारी बंद.

पण अर्थिंग मिळेना. सेटची एक तार जमिनीत पुरावी लागते आणि जमीन ओली लागते. तिथली जमीन वीट झाली होती. मी सरांच्या आईंना बादलीभर पाणी मागितलं. म्हातारीनं मला नीट न्याहाळलं.

"गायीची कुट्टी नाक्यावर ठिवून आलास. आता मशीनला पाणी पाज म्हणतूस?"

मी म्हटलं, खरकटं चालेल, खारट असलं तर आणखी बरं. तिनं भांडी धुतलेलं पाणी आणि वर मूठभर मीठ दिलं. "पी म्हणावं," ती म्हणाली. अर्थ मिळाला.

आठला पाच कमी. सरांनी मोर्सच्या खटक्यावर बोट ठेवलं, कॉल पाठवला. मोठा वॉल्व्ह निळसर उजळला. थांबले. स्पीकरमधून नुसती खरखर. दुसऱ्यांदा. खरखर. तिसऱ्यांदा पाठवलं आणि खरखरीतून बारीक टिकटिक आली. सर घाईघाईनं लिहू लागले, चार अक्षरं लिहिली आणि थांबले. पलीकडचा माणूस जुना, वेगवान. सर नवे. त्यांच्या कपाळावर घाम. मला मोर्स येत नाही. उत्तर आलं होतं, खोलीत होतं, आणि कुणाला कळत नव्हतं.

काकांनी सवयीनं स्पीकरवर हात ठेवला होता, सेट तापतोय का बघायला. त्यांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "स्वर खाली आण."

रिसीव्हरवर एक बटण असतं, त्यानं टिकटिकीचा स्वर जाड-बारीक होतो. मी तो जाड केला, आणखी जाड केला, इतका की स्पीकरचा कागद थरथरताना दिसू लागला. काकांनी त्यावर दोन बोटं टेकली, डोळे मिटले आणि एकेक अक्षर मोठ्यानं सांगू लागले. सर लिहीत होते.

पलीकडचे हॅम म्हैसूरचे होते. सिग्नल उत्तम म्हणाले. लातूर कुठं, विचारलं. जुन्या घरगुती ट्रान्समीटरचा खटका दाबताना स्वर किंचित वाकतो, प्रत्येकाचा वेगळा. म्हैसूरकरांनी विचारलं होतं, हा तर नांदेडच्या पाठकांचा सेट. पाठक बरे आहेत ना?

सरांनी खटका काकांपुढं सरकवला. काकांनी नकारार्थी मान हलवली. "परवाना तुझ्या जागेचा आहे. तूच पाठव. लिही, शेजारी बसलेत, बोटांनी ऐकतायत."

त्यांनी दोन बोटं काढली नाहीत. बैठक संपेपर्यंत नऊ वाजले, तोवर खोलीत कुणी चहासुद्धा घेतला नाही.

व्यवहार मात्र बदलला. काका म्हणाले, ट्रान्समीटर तुझा, रिसीव्हर मी परत नेतो. सरांकडं घरी बनवलेला होता, ते लगेच हो म्हणाले. पंचेचाळीसशेतून रिसीव्हरचे चौदाशे वजा. रिसीव्हर उरलेल्या आठ ट्यूबांवर बसवून त्याच दिवशी आम्ही परत निघालो. नाक्यावर भाऊसाहेबांनी नवं चलन वाचलं. पॅकिंगची ओळ नव्हती. माल आणि पॅकिंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि चलन मालाचं असतं. तेव्हापासून मी तसंच लिहितो. कुणी विचारलं तर मात्र सांगतो.

शेवटचा हिशेब असा. पाठककाकांना गायकवाड सरांकडून एकतीसशे. मला त्यावर कमिशन एकशे पंचावन्न. त्यातून रहीमचाचांना नऊ ट्यूबांचे सत्तावीस रुपये, फुटलेली धरून. ते मी दिले, कारण चौथी ओळ माझ्या हातची होती.