तिघांत मोठा कोण

श्रीरामपुरात धर्मशिक्षक म्हणून मी जवळपास चाळीस वर्षे मुलांना पवित्र त्रैक्य शिकवले. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला बसलेल्यांपैकी एखादे मूल दरवर्षी विचारीच, "मास्तर, तिघांत मोठा कोण?" मी सांगे, "कोणीही नाही. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिघे समान, परमेश्वर एक." मुले मान डोलावत. मीही त्यावर अधिक विचार केला नाही.

गेल्या वर्षी धाकटा भाऊ विधुर झाला आणि पाथर्डीकडचे गाव सोडून आमच्याकडे राहायला आला. मीच बोलावले होते. पंधरा दिवसांत मला त्याचा पश्चात्ताप झाला. स्वयंपाकघरात माझ्या पत्नीसोबत भाजी निवडत तो गप्पा मारी. ती हसे. ते हसू मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून ऐके. लग्नाला पन्नास वर्षे होत आली. माझ्या कोणत्या बोलण्यावर ती तशी हसली होती, ते आठवेना.

संध्याकाळी सातला आमच्या घरी रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, होते. दहा-दहा प्रार्थनांची पाच दशके. कोणते दशक कोणी चालवायचे हे घरातला कर्ता ठरवतो. तीन माझी, दोन पत्नीची, अशी आमची जुनी वाटणी. भाऊ आल्यावर तिने आपले एक त्याला दिले. त्याचा आवाज गोड. तो 'नमो मरिये' म्हणू लागला की तिचे डोळे मिटत. माझ्या दशकाला ते उघडे असत. हे मी पाहिले, म्हणजे माझेही उघडेच होते.

त्रैक्याच्या सणाच्या रविवारी संध्याकाळी मी क्रुसाची खूण केली आणि दशके वाटली. तीन मला, दोन तिला. भाऊ माळ हातात धरून वाट पाहत राहिला.

प्रार्थना संपल्यावर पत्नी म्हणाली, "मास्तर, जन्मभर पोरांना तिघं समान शिकवलंत. घरात तिसरा आला तर लगेच लहान-मोठं?"

"घर माझं आहे," मी म्हणालो.

भाऊ उठला. "वहिनी, ऱ्हाऊ द्या. दादाचं काय चुकलं न्हाई. मीच लई दिवस ऱ्हायलो."

सकाळी पिशवी घेऊन तो नगरला, सावेडीत लेकीकडे जायला निघाला. पत्नीने माझ्यापुढे चहा ठेवला आणि आत गेली. घर पुन्हा आम्हा दोघांचे झाले होते. मला तेच हवे होते. आतून भांड्याचाही आवाज येत नव्हता. चहा तसाच टाकून मी स्टँडवर गेलो.

नगरची गाडी अजून लागली नव्हती. तो बाकावर बसला होता.

"वहिनींनी धाडलं व्हय?"

"नाही. माझं चुकलं. घरी चल."

असे मी त्याला आयुष्यात प्रथमच म्हणालो. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "दादा, तब्येत बरी हाय ना तुझी?"

आम्ही दोघे घरी परतलो. पत्नीने दार उघडले, माझ्या खांद्यावरून मागे त्याच्याकडे पाहिले, आणि तिचा चेहरा उजळला. ते उजळणे माझ्यासाठी नव्हते. ते टोचले. आजही टोचते. पिता आपले सर्वस्व पुत्राला देतो आणि त्याचे काहीच उणे होत नाही, असे मी शिकवीत आलो. देवाचे तसे असेल. माझे उणे होते, रोज होते. तरी भावाला पुन्हा जाऊ देणार नाही.