"हां, चला पुढं!"

तिसगावच्या एका शाळेत संगणकावरच्या परीक्षांच्या संशोधनासाठी मी वर्षभर जात होतो. तिथले शिपाई, सगळ्यांचे मामा, टोपीने एकेक पडदा पुसत संगणकाला दटावायचे, "सरांसमोर बंद पडायचं न्हाई, काय?"

एकदा परीक्षा चालू असताना मामा मध्येच ओरडले, "हां, चला पुढं!" लगेच तीस माऊस एकदम वाजले. कोणत्या प्रश्नाला किती वेळ लागतो, तेच तर मी मोजत होतो. मुलांदेखत मी त्यांच्यावर खेकसलो.

मामा हसले. "सर, पोरं अडली न्हाईत, थांबलीत. गुर्जी म्हनल्याबिगर आमच्यात पान उलटत न्हाईत."

मी पाहिलं. पुढच्या प्रश्नाचं उत्तर निवडून सगळी मुलं हाताची घडी घालून बसली होती.

मी माफी मागितली, तर म्हणाले, "आदी चा घ्या."

चहा घेता घेता मला आठवलं, आधीच्या चार शाळांत असं ओरडणारं कुणी नव्हतं. तिथली मुलं विचार करायला फार वेळ लावतात, असा माझा शोधनिबंध छापूनही आला होता. मामांना हे सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.