दक्षिणेच्या भिंतीवरचा नकाशा

भूगोलात मला नेहमी चांगले मार्क पडायचे आणि भूगोल मला अजिबात कळत नव्हता. आमच्या शाळेत या दोन्ही गोष्टी सुखाने एकत्र नांदत होत्या. बाईंनी देशाचं नाव घ्यायचं आणि आपण राजधानी, पिकं, खनिजं धडाधड बोलून मोकळं व्हायचं. ब्राझील म्हटलं की कॉफी, मलेशिया म्हटलं की रबर. रबराचं झाड कसं दिसतं, हे एकदा विचारलं तर बाई म्हणाल्या, ते परीक्षेला येत नाही. मला राग आला होता.

बाबा नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात वेल्डर होते. एकोणऐंशी साली एका एजंटाच्या ओळखीने ते दोन वर्षांसाठी इराकला गेले, बसरा नावाच्या शहराजवळ पाइपलाइनच्या कामावर. आमच्या वसाहतीत बहुतेक घरं आमच्यासारखीच बौद्ध, कोणी कारखान्यात, कोणी नगरपालिकेत, कोणी शाळेत शिपाई. परदेशी जाणारे बाबा पहिलेच. बायका आईला चिडवायच्या, आता काय, बसऱ्याच्या मोत्यांची नथ येणार. आईला बसरा हे नाव तेवढ्यापुरतंच ठाऊक होतं. ते एक गाव आहे आणि तिथे वेल्डर लागतात, ही तिला नवीच माहिती होती.

बाबा गेले त्या आठवड्यात तिने मला विचारलं, इराक कुठे आहे. मी ताठ उभी राहिले आणि सांगितलं: राजधानी बगदाद, मुख्य उत्पादन खनिज तेल, मुख्य फळ खजूर. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कुठं हाय ते सांग."

मला सांगता येईना. पुस्तकातला जगाचा नकाशा एवढासा, त्यात आखाती देशांची नावं एकमेकांवर चढलेली. दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे रडगाणं गायले आणि शाळेच्या माळ्यावर पडलेला एक जुना नकाशा मिळवला. मागून कापड लावलेला, खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला, त्यामुळे दक्षिण अमेरिकेचं शेपूट नाहीसं झालं होतं. आम्हाला ते लागणारही नव्हतं.

नकाशा लावायला घरात एकच भिंत होती, दक्षिणेची. पूर्वेला दार आणि खिडकी. उत्तरेला लोखंडी कपाट आणि त्याच्या शेजारी फळीवर बुद्धाची मूर्ती. पश्चिमेला स्वयंपाकघर, आणि त्याच्या टोकाला मोरी. दक्षिणेच्या भिंतीवर बाबांचा कारखान्याचा शर्ट अडकवायचा खिळा होता आणि तो आता रिकामाच होता. नकाशा त्या खिळ्यावर गेला.

रात्रीची भांडी घासून झाली की आई हात पुसत नकाशासमोर बसायची आणि मी हातात पट्टी घेऊन बाई व्हायची. वर उत्तर, खाली दक्षिण, उजवीकडे पूर्व, डावीकडे पश्चिम, पाठ कर. आई माहेरी, सायखेड्याला, चौथीपर्यंत शिकलेली. ती पाठ काही करायची नाही, नुसते प्रश्न विचारायची. तिथे पाऊस पडतो का? पाणी कुठून येतं? एवढं निळं निळं ते सगळं पाणीच, मग विमान बंद पडलं तर? बसऱ्याच्या वर दोन मोठ्या नद्या एकत्र येतात हे तिला दाखवलं, तेव्हा मात्र ती लगेच पुढे सरकली. तिच्या माहेरच्या बाजूलाच दारणा गोदावरीला मिळते. "मंग पूर येत आसंल," ती म्हणाली आणि दोन दिवस तिला पुराची काळजी लागून राहिली. माझ्या पुस्तकात इराकच्या पुराबद्दल एक ओळ नव्हती.

हळूहळू तिला नकाशा येऊ लागला. मुंबईवर बोट ठेवायची, समुद्रावरून सरकवत न्यायची, मस्कतपाशी वळवायची, आखातातून वर बसऱ्याला आणून थांबवायची. तेवढा प्रवास ती रोज करायची.

त्याच दिवसांत तिने आणखी एक गोष्ट सुरू केली होती, जी माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. संध्याकाळी मूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील झालं की ती दुसरी एक मेणबत्ती पूर्वेच्या खिडकीत लावायची आणि जरा वेळ बाहेर बघत उभी राहायची. सकाळी त्याच खिडकीतून ऊन आत आलं की म्हणायची, त्यांच्यावरून आलं. मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलते.

ऐंशी सालच्या पावसाळ्याच्या शेवटाला इराण आणि इराकची लढाई सुरू झाली. शेजाऱ्यांच्या ट्रान्झिस्टरवर बातम्या लागल्या की आई पदराला हात पुसत त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. बातम्यांत बसऱ्याचं नाव यायला लागलं. महिनाभराने बाबांचं पत्र आलं. लढाई इथून लांब आहे, काळजी नसावी, पोरीचा अभ्यास बघ. मी मोठ्याने वाचलं आणि मला खरंच हायसं वाटलं. आई उठून नकाशापाशी गेली.

"सरहद्द कोणती?" तिने विचारलं.

मी पट्टीने रेघ दाखवली. तिने बसऱ्याच्या ठिपक्यावर करंगळी ठेवली. ठिपका आणि रेघ यांच्यामध्ये तिचं नख मावेना. मग तिने सायखेड्यापासून नाशिक या नकाशात किती होईल ते विचारलं. मी म्हटलं, ते यात दिसणारसुद्धा नाही. तिने मान हलवली.

पत्राचं उत्तर मीच लिहायची. आईने सांगितलं, लिही, लढाई लांब आहे हे वाचून बरं वाटलं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं की हे खोटं आहे, आत्ताच तर आपण बघितलं. आई चिडली नाही.

"मला झोप लागावी म्हणून त्यांनी तसं लिवलं," ती म्हणाली. "मला लागतीय आसं त्यांना वाटू दे."

तिला झोप लागत नव्हती. न शिकलेल्या बाईला नवऱ्याने लांब म्हटलं की लांब वाटलं असतं. माझ्या आईला तेही सुख राहिलं नाही, कारण तिला नकाशा वाचता येत होता. शिक्षणाने माणूस सुखी होतो असं कोणी म्हणालं की मला अजूनही ती करंगळी आठवते आणि मी वाद घालायला उठते.

हिवाळ्यात पत्रं थांबली. आधी वाटलं टपालाचा घोळ असेल. मग एजंटाकडे खेपा झाल्या. तो म्हणायचा, कंपनीची माणसं सुखरूप आहेत, पासपोर्ट कंपनीकडे आहेत, व्यवस्था चालू आहे. व्यवस्था कसली, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. वसाहतीतल्या बायकांनी नथीचा विषय बंद केला. मला रात्री भीती वाटायची, पण आईसमोर मी ती दाखवत नसे.

तेव्हाच शाळेत भूगोलाला नवीन सर आले. त्यांनी पहिल्याच तासाला नकाशा भिंतीवरून उतरवला, आम्हाला मैदानात नेलं, नकाशा जमिनीवर पसरला आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करून ठेवली. म्हणाले, आता अमेरिकेकडे तोंड करा. आम्ही सगळ्या गोल फिरलो. नंतर म्हणाले, आखाती देश दाखवा. माझा हात पश्चिमेला, त्र्यंबकच्या डोंगरांकडे गेला, आणि मला घरची खिडकी आठवली.

आमचा नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर होता. त्याच्यासमोर बसलं की डाव्या हाताला येते ती पूर्वेची खिडकी. आई नकाशाच्या डावीकडे बसरा बघत होती आणि घराच्या डावीकडे मेणबत्ती लावत होती. सूर्य खिडकीतून येतो, म्हणजे बाबांना बघून येतो, असा तिचा हिशेब होता. मी तिला डावीकडे पश्चिम शिकवलं होतं, पण कागदावरची पश्चिम. उगवतीची खिडकी तिला जन्माची ठाऊक होती. या दोघींची गाठ घालून द्यायचं ना मला सुचलं, ना तिला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सूर्य आधी आपल्याकडे उगवतो आणि साधारण दोन तासांनी बसऱ्याला. आणि बसरा या खिडकीकडे नाहीच. आई खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"मंग हिकडं काय हाय?"

मी म्हटलं, सायखेडा.

तिला हसू आलं, त्या महिन्यांतलं बहुधा पहिलंच. म्हणाली, माझे भाऊ तिकडे ढेरपोटे होऊन बसलेत, त्यांच्यासाठी मी इतकी मेणबत्ती जाळली. हसता हसता तिचा चेहरा उतरला. रोज सकाळी ऊन आलं की तेवढ्यापुरता तिला आधार वाटायचा आणि तो मी काढून घेतला होता. मला फार वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि भाकरी झाल्यावर ती म्हणाली, कपाट सरकव.

ते लोखंडी कपाट आम्ही दोघींनी कपडे बाहेर काढून, खाली गोणपाट घालून, ढकलत ढकलत दक्षिणेच्या भिंतीला नेलं. फरशीवर लांब ओरखडा पडला. नकाशा उत्तरेच्या भिंतीवर आला. आता डावी बाजू खरी होती. अडचण एवढीच, की डावीकडे स्वयंपाकघर आणि त्याच्या टोकाला मोरी. आईने कमरेवर हात ठेवून त्या दिशेला बघितलं आणि म्हणाली, नवऱ्याकडं बघायचं तर मोरीकडं बघाय लागतंय. मग मोरीच्या कठड्यावर जागा करून मेणबत्ती तिथे लागू लागली. धुणं-भांडी, अंघोळी, सगळं त्याच दिशेला होत होतं, आणि ऊन आता इथून तिकडे जात होतं. सकाळी अंगणात ऊन आलं की ती घड्याळाकडे बघायची. ऊन तिकडे पोचायची वेळ झाली की हातातलं काम थांबवायची आणि जरा उभी राहायची.

बाबा एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात आले. मुंबईहून एसटीने, हातात एक सुटकेस. खूप वाळले होते, आणि डाव्या बाजूने बोललेलं त्यांना ऐकू येत नव्हतं. ग्राइंडरच्या आवाजाने झालं, असं त्यांनी सांगितलं. दिवसभर घरात माणसांची रीघ होती. जो तो लढाईचं विचारत होता. बाबा प्रत्येकाला हसून सांगत होते, लढाई कुठे नि आम्ही कुठे, लय लांब. आई चहा करत होती आणि प्रत्येक वेळी ते ऐकत होती.

सगळे गेल्यावर तिने त्यांना नकाशापाशी बोलावलं. बाबांनी तो नकाशा पहिल्यांदाच बघितला. आई म्हणाली, तुम्ही कुठं होता दाखवा. बाबा बराच वेळ शोधत राहिले. त्यांचं बोट आफ्रिकेवरून फिरून आलं. मग जरा ओशाळून म्हणाले, कॅम्पातून बसने कामावर न्यायचे आणि बसने परत आणायचे, नकाशा कोण दाखवतो.

आईने त्यांचं बोट धरलं आणि बसऱ्याच्या ठिपक्यावर ठेवलं. "हे तुम्ही." मग शेजारी स्वतःची करंगळी ठेवली. "ही लढाई."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"तुला कळू नये म्हणून..." ते म्हणाले.

"ते मला ठावं हाय. आता म्हना, लांब नव्हती."

आई थांबून राहिली. तिने त्यांचा हात सोडला नव्हता.

"नव्हती लांब," बाबा म्हणाले. "खोलीच्या काचा ऱ्हायल्या नव्हत्या."

आई तिथेच नकाशाखाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं. बाबा तसेच उभे होते आणि त्यांनी नकाशावरचं बोट उचललं नव्हतं.