परंड्याची चकती, तुळजापूरची चकती

उत्तरेश्वरच्या खिशात एक पत्र्याची डबी असायची. लोकांना वाटायचं, तंबाखूची असेल. तिच्यात वेळूच्या चकत्या होत्या, अंगठीसारख्या, मधून पोकळ. क्लारनेटच्या तोंडाखालचा आखूड लाकडी सांधा जरा वर ओढून फटीत चकती बसवली की वाद्य तेवढं लांब होतं आणि सूर तेवढा उतरतो. उस्मानाबादच्या बँडाला चकती लागत नसे. परंड्याच्या बँडाला ज्वारीच्या दाण्याएवढी जाड लागे. तुळजापूरच्या विष्णुपंत मास्तरांच्या पेटीला तुरीच्या डाळीएवढी.

एका बँडावर घर चालत नाही. लग्नसराई परंड्याची, उरूस उस्मानाबादचा, नवरात्रात मास्तरांची पेटी, आणि मधेच ढोकीच्या बाजूला कुणाची मिरवणूक. जिथून बोलावणं येईल तिथं तो जाई आणि सुरू करण्याआधी गपचूप चकती बदली. "माणूस एक अन् सासरवाड्या चार," असं त्याची बायको धुरपदाबाई म्हणायची. "प्रत्येकीचं तोंड येगळं."

क्लारनेट निजामाच्या फौजेतलं. पोलीस ॲक्शननंतर फौज मोडली, बँडवाले गावोगाव पांगले. त्यातले महांतप्पा उस्मानाबादला येऊन राहिले. तरण्या उत्तरेश्वरला त्यांनीच शिकवलं आणि मरताना वाद्यही त्यालाच दिलं. फौजी वाद्य, चढ्या सुराचं. "ह्याला उतरवून घ्यावं लागतं," महांतप्पा सांगायचे. "पण फार उतरवू नकोस. वाद्याच्या गळ्यातले मधले तीन सूर फाटतात."

एकसष्ट सालच्या फाल्गुनात मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीची माणसं बार्शीला आली. गाणारी सारजाबाई, तुळजापुरात देवीची गाणी म्हणणारी. चाली मास्तरांच्या, पेटीही त्यांचीच. मास्तर शाळेत मराठी शिकवत आणि तेवीस वर्षं ह्या दिवसाची वाट बघत होते. क्लारनेट उत्तरेश्वरचं. कंपनीच्या वसंतरावांनी पत्रात एक ओळ जादा लिहिली होती: मुंबईला क्लारनेटवाला हवाच आहे, तुमचा ऐकून बघू, पसंत पडला तर कायमचं बोलावू. मास्तरांनी ती ओळ त्याला वाचून दाखवली होती. घरी आल्यावर त्यानं ती धुरपदाबाईला पाठ म्हणून दाखवली. तिनं त्याचा बंद गळ्याचा कोट धुऊन वाळत घातला.

रेकॉर्डिंगसाठी सिनेमाचं थेटर सकाळी आठ ते अकरा मिळालं होतं. अकरानंतर झाडलोट आणि मग मॅटिनी. आदल्या दिवशी परंड्याची वरात वाजवून उत्तरेश्वर पहिल्या एस.टी.नं आला. पडद्यापुढच्या लाकडी मंचावर मास्तर पेटी घेऊन बसले होते. शेजारी सारजाबाई, तिच्या मागं ढोलकीला तिचा दीर गोरोबा. खाली टेबलावर तांबड्या दिव्याचं रेकॉर्डिंगचं यंत्र, त्यावर पोळीच्या तव्याएवढी दोन चाकं. उत्तरेश्वरनं परंड्याची चकती काढली, तुळजापूरची बसवली, मास्तरांनी षड्ज धरला आणि त्यानं फुंकलं.

दोन सूर एकमेकांना घासले.

त्यानं ओठ सैल केले. परत तेच. सांध्याकडं बघितलं, चकती बरोबर होती. मग त्यानं नुसती पेटी ऐकली. पेटी खाली आली होती. गेल्या नवरात्रात होती तिथं ती नव्हती.

"सुरात ये," मास्तर म्हणाले.

"मास्तर, पेटी जरा..."

"पेटीला काय झालंय?" मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "तू वरातीतून आलायस. कान ठिकाणावर आण."

तांबडा दिवा लागला. क्लारनेटचा सुरुवातीचा तुकडा त्याचाच होता, एकट्याचा. तो त्यानं नीट वाजवला. सारजाबाईनं तोंड उघडलं, पेटी लागली, आणि चौथ्या ओळीला वसंतरावांनी हात वर केला. चाकं थांबली.

दुसऱ्यांदा दुसऱ्याच ओळीला थांबली.

"हे बेसूर आहे," वसंतराव म्हणाले. माणूस शांत होता, त्यामुळं जास्तच भीती वाटत होती. त्यांनी खिशातून सूरकाटा काढला, गुडघ्यावर आपटून पेटीवर टेकवला. काटा आणि पेटी एकच बोलले. "पेटी बरोबर आहे. तुमचं वाद्य चढं आहे."

मास्तरांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "मी म्हणालोच," ते म्हणाले. मग यंत्राकडं बघत, उत्तरेश्वरकडं न बघता, "साहेब, पेटीवर होऊन जाईल गाणं. बँडवाला आहे तो. त्याला बाहेर बसवा."

सारजाबाई पदर सावरत म्हणाली, "अवो मास्तर, तुमीच आणलं की त्याला."

"वेळ जातोय, सारजाबाई."

वसंतरावांनी घड्याळ बघितलं. नऊ चाळीस. "आधी दुसरं गाणं नुसत्या पेटीवर घेऊ. दहा वाजता परत ह्या गाण्याला येऊ. तोवर तुमचं वाद्य जुळलं तर या. नाही तर नाइलाज आहे."

उत्तरेश्वर मागच्या दारानं बाहेर आला. ऊन भिंतीवर चढत होतं. "बँडवाला आहे तो." नवरात्राची नऊ वर्षं त्यानं ह्याच माणसाच्या पेटीमागं वाजवलं होतं.

भिंतीला सिनेमाच्या चित्रांच्या पाट्या टेकवलेल्या होत्या. त्यातली एक वेळूच्या काठीला बांधलेली, आणि काठीचं टोक फुकट पुढं आलेलं. त्यानं क्लारनेटच्या तोंडातली पाती तासायचा चाकू काढला, टोक छाटलं, आतून कोरलं. किती जाड, ते कान सांगत होता: तुरीची डाळ पुरणार नाही, हरभऱ्याएवढी. बोटाला चाकू लागला. त्यानं बोट तोंडात धरलं, रक्त थुंकलं आणि चकती बसवली.

भिंतीपलीकडून पेटी ऐकू येत होती. तो हळू फुंकत एकेक सूर तिच्याशी लावून बघू लागला. खालचे लागले. वरचे लागले. मधले तीन, महांतप्पा म्हणायचे ते, फाटले. पार खाली पडले. ओठानं उचलून बघितले तर क्लारनेट बोकडासारखं ओरडलं. पाट्यांमागून एक मांजर पळालं.

पातळ चकती लावावी तर सगळंच चढं. जाड लावावी तर तीन सूर मेलेले. आणि सुरुवातीचा एकट्याचा तुकडा त्या तिघांभोवतीच फिरत होता. तोच तुकडा मुंबईला ऐकायचा होता.

आत दुसरं गाणं संपलं. दहाला पाच कमी होते. तो थोडा वेळ डोळे मिटून उभा राहिला. मनातल्या मनात त्यानं चाल अथपासून इतिपर्यंत म्हटली आणि जिथं जिथं ते तीन सूर आले तिथं तिथं गप्प बसला.

आत येऊन तो म्हणाला, "साहेब, एकदा घ्या. बिघडलं तर म्या जातो."

"सुरुवातीचा तुकडा?"

"तो मास्तर वाजवतील."

मास्तरांनी वर बघितलं. त्यांना काही विचारायचं होतं, पण तांबडा दिवा लागला. मास्तरांनी सुरुवात केली, जरा घाईनं. मग सारजाबाईचा आवाज उठला आणि तिच्यामागून क्लारनेट निघालं, सुरात, स्वच्छ, पेटीला चिकटून. मास्तरांच्या भुवया सैल झाल्या. पहिली ओळ संपली, क्लारनेटनं ती उचलली, अर्ध्यात नेली आणि थांबलं.

मधे खड्डा पडला. नुसती ढोलकी. उत्तरेश्वर मास्तरांकडं बघत होता. मास्तरांची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. क्लारनेटनं खड्ड्यापलीकडून ओळ परत धरली. वसंतरावांनी मान तिरकी केली. हात मात्र वर केला नाही.

दुसऱ्या ओळीला परत खड्डा. मास्तर गोंधळून त्याच्याकडं बघत राहिले. सारजाबाईनं न थांबता डोळ्यानंच मास्तरांना खूण केली: भरा की!

तिसऱ्या ओळीला उत्तरेश्वरनं क्लारनेट ओठापासून जरासं दूर केलं, बघणाऱ्याला दिसेल एवढं. आणि पेटीनं ते तीन सूर वाजवले. अंगठा उठावा आणि शेजारचं बोट पडावं, तसे. चौथ्या ओळीला बघावं लागलं नाही. शेवटपर्यंत एकेक ओळ दोघांनी वाटून घेतली.

दिवा विझला. वसंतरावांनी चाकं उलटी फिरवून थोडं ऐकलं. "सुरुवातीला दोनदा रिकामं आहे," ते म्हणाले. मग, "पण वाईट नाही लागत. राहू दे." गोरोबानं ढोलकीवर डोकं टेकलं.

सामान बांधताना वसंतराव उत्तरेश्वरजवळ आले. "वाजवता चांगलं. पण मुंबईला ऐकवायला एकट्याचं सुरात काही मिळालं नाही, आणि हे वाद्य मुंबईला चालणार नाही. तिकडं सगळं काट्यावर असतं. दुसरं वाद्य घेतलंत तर पत्र टाका."

"टाकतो," उत्तरेश्वर म्हणाला. काट्यावरचं वाद्य उतरलेलं; ते उस्मानाबाद-परंड्याच्या चढ्या बँडांना जुळायचं नाही, म्हणजे त्या सासरवाड्या तुटल्या. आणि ते घ्यायचं कशानं? संध्याकाळी येडशीला वरात होती. त्यानं क्लारनेट पुसायला घेतलं.

थेटराबाहेर मॅटिनीची रांग लागत होती. मास्तर पेटी पायाशी ठेवून सावलीत उभे होते. उत्तरेश्वर जवळून जायला लागला तसे म्हणाले, "पेटी सोलापूरला दिली होती. एका कारागिराकडं. रेकॉर्ड व्हायची म्हणून सगळे सूर काट्यावर नवे लावून घेतले."

उत्तरेश्वर थांबला.

"तुला सांगायचं राहिलं. तुला सांगायला पाहिजे हे ध्यानातच आलं नाही."

"मला पहिल्या सुरालाच कळलं, मास्तर."

"मग साहेबांपुढं बोलला का नाहीस?"

"बोललो की. तुमी म्हणला, कान ठिकाणावर आण."

रांगेतल्या कुणीतरी शिट्टी मारली, दार उघडलं, माणसं आत घुसली. "तुझा तुकडा मी नीट वाजवला नाही," मास्तर म्हणाले. "घाई झाली."

"व्हय," उत्तरेश्वर म्हणाला. "झाली."

आणि स्टेशनाच्या रस्त्याला लागला. मागून मास्तर पेटी उचलून येत होते. तो त्यांच्यासाठी थांबला नाही, पण चाल जरा मंद केली.