चिखलात विरणारा धक्का

हौसाचं सासर खाडीलगत, चिखलावर भराव घालून वसलेल्या आळीत. माहेर डोंगराकडं, उघड्या कातळावर. दगडखाण दोन्ही घरांच्या बरोबर मध्ये. भरदुपारी सुरुंग उडाला की माहेरी फळीवरची भांडी खणखणत. सासरी नुसता आवाज यायचा, हंड्यातलं पाणीसुद्धा हलायचं नाही.

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी अविनाश नावाचा संशोधक पनवेलला आला. सुरुंगाचा धक्का जमिनीतून जाताना कुठं किती कमी होतो, हे त्याला मोजायचं होतं. हौसाच्या माहेरी त्यानं यंत्र मांडलं, तेव्हा ती तिथंच होती.

"सायेब, एक यंत्र आमचे घरी पन ठेवा. तिथं धक्का लागतच नाय."

"आम्ही पनवेलचा सगळा कातळ एकच धरलाय, हौसाबाई."

"तुमी धरलाय. माझे भांड्यांनी नाय धरला!"

अविनाशला हसू आलं. दुसऱ्याच दिवशी तो दुसरं यंत्र घेऊन तिच्या ओटीवर हजर झाला. सुरुंग उडायच्या वेळी यंत्राची लेखणी कागदावर थयथय नाचली.

"बघा, लागला की धक्का!"

हौसानं आत डोकावलं. सासू, सखूबाई, उखळात मिरच्या कुटत होती. हौसा पोट धरून हसली.

"मना कुनी सांगितला काय, थांब म्हनून?" सखूबाई फणकारली.

तिसऱ्या दिवशी हौसानं अख्खी आळी गप्प बसवली. उखळं थांबली, पोरं देवळात गेली, कोंबड्या डालल्या. सुरुंग उडाला. लेखणी जेमतेम थरथरली. माहेरच्या यंत्रानं मात्र कागदभर रेघोट्या ओढल्या होत्या.

अविनाशनं दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. "कातळातून धक्का लांबवर जातो, चिखल त्याचा जोर शोषून घेतो. मुलूख बदलला की हे प्रमाणही बदलतं."

"म्हंजे आमची जागा बरी?"

"सुरुंगापुरती. मोठ्या भूकंपाचे संथ हेलकावे चिखलात वाढूही शकतात."

"मग ते पन मोजा की!"

त्यानं ते मनावर घेतलं; भूकंप नसतानाही जमीन बारीक थरथरत असते, ती थरथर मोजली की तिथला चिखल हेलकावे किती वाढवेल याचा अंदाज येतो. पुढची दोन वर्षं हौसा मदतनीस म्हणून त्याच्याबरोबर एसटीनं कोन, आपटा अशा गावांतून हिंडली. आपट्याला नदीकाठी सरपंचांनी अविनाशला विचारलं, "यंत्र कुठं ठेवणार?"

"बाईंना विचारा," तो म्हणाला.

हौसानं पदर खोचला आणि आधी घाटावर धुणं आपटणाऱ्या बायकांना पाव तास सुट्टी दिली.